ओल आतून, गळती वरून

आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं असं, की ओल आतून येते आणि गळती वरून. ओल आली तर ती ज्याच्या घरात आली त्याची, गळती झाली तर सोसायटीची. हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते त्यांनाच ठाऊक, पण विक्रोळीच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये तो असा काही मुरलाय, की कुणाचं नाक गळायला लागलं तरी लोक विचारतात, ओल आहे का गळती? माझं घर सगळ्यात वर. डोक्यावर थेट गच्ची. घर घेताना जो तो म्हणत होता, वरचा मजला म्हणजे काय, हवा झकास! हवा येते, खोटं कशाला बोलू. तिच्या मागून पाणीपण येतं, हे मात्र एकानेही सांगितलं नव्हतं.

पण मला पाण्याचं एवढं पडलं नव्हतं. बादली लावायची, फडकं टाकायचं, मुंबईत कोण नाही करत? माझं सगळं भांडण होतं ते आईसाठी.

आई मानखुर्दच्या पुढे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहायची. जन्मभर सुकी मासळी विकली तिने. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा प्रश्न आला, कारण तिची खोली माळ्यावर आणि तिथे जायला लाकडी शिडी, भिंतीसारखी उभी. मी म्हटलं, आता माझ्याकडेच राहा, कायमची. ती ऐकायलाच तयार नाही. "तुझ्या त्या डब्यात मना कोंडू नको गो," एवढंच म्हणायची. शेवटी नुसतं बघायला म्हणून आणली. घरातल्या सोफ्याकडे, टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कठडा धरून, मध्येच पायरीवर बसत, ती गच्चीवर गेली. आमच्या गच्चीवरून तिवरांच्या पलीकडे खाडीची एक पट्टी दिसते. टाकीच्या ओट्यावर ती किती तरी वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "हितं जवळा चांगला सुकंल."

झालं, राहिली. मला तेव्हाच कळलं, की आई माझ्याकडे राहायला आलेली नाही, गच्चीवर राहायला आली आहे. खाली फक्त जेवायला आणि झोपायला येणार. मला तेवढंही पुष्कळ होतं.

दिवाळीनंतर तिने टाकीजवळचा कोपरा धरला. प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जुनी साडी, त्यावर जवळा. हातात कावळे हाकायची काठी. मधूनमधून तळव्याने जवळा हलवायचा आणि कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायकांना थांबवून चौकशा करायच्या. महिन्याभरात कुणाची सून कुणाशी बोलत नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वासावरून काही जण कुरकुरले, नाही असं नाही. जिन्यात पदर नाकाला लावायचे. आणि त्यातलेच दोघं-तिघं संध्याकाळी झाकलेली वाटी घेऊन वर यायचे, "आजी, थोडासा मिळेल का, चटणीपुरता?" सेक्रेटरींच्या घरचीही वाटी यायची. स्टीलची, झाकणाची.

मग पावसाळा आला आणि नेमकं आईच्या खोलीतच छताला पोपडे सुटले. आधी पिवळा डाग, मग डागाला फुगा, मग फुग्याच्या टोकाला थेंब. तो थेंब तिच्या उशीवर पडायचा. पलंग सरकवला तर थेंबही सरकला. मी सेक्रेटरींकडे गेले. ते आले, चष्मा वर केला, स्टुलावर चढून डागाला बोट लावलं, बोट न्याहाळलं आणि म्हणाले, "वहिनी, ही ओल आहे."

"अहो, खाली पडतेय ती!"

"पडताना मी बघितली नाही. थेंब पडला तर गळती. थेंब दाखवा, उद्या माणूस लावतो."

आता थेंब हा काय बोलावून येणारा पाहुणा आहे? ते आले की थेंब नुसता लोंबकळत राहायचा. मी चहा ठेवायचे, ते बसायचे, आम्ही तिघं मान वर करून बघत बसायचो. थेंब जाडजूड व्हायचा, थरथरायचा, पण पडायचं नाव नाही. सेक्रेटरी चहा संपवून उठायचे, चपला घालायचे, अर्धा जिना उतरायचे आणि आतून आई ओरडायची, "पडला गो पडला! बोलव त्या मेल्याला!" मी जिन्यात धावायचे. ते धापा टाकत परत यायचे. वर बघावं तर पुन्हा नवीन थेंब, लोंबकळणारा. माझा नवरा म्हणायचा, थेंब त्यांनीच पढवून ठेवलाय.

एकदा मात्र सापडले. बाहेर धो धो चालला होता, सेक्रेटरी पलंगाशेजारी खुर्चीवर, हातात कपबशी. आणि तो थेंब टपकन त्यांच्या चहात पडला. आईने तर टाळीच वाजवली. मी म्हटलं, "बघितलात ना भाऊ? आता?" सेक्रेटरींनी वर बघितलं, कपात बघितलं. आणि या माणसाने काय करावं? त्या चहाचा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "खारट लागतोय."

मला आधी कळलंच नाही.

"खारट आहे वहिनी. मिठाचं पाणी मुरलंय स्लॅबमध्ये. आजींच्या मासळीचं."

अगं आई गं! इतकी वर्षं गच्ची गळतेय, या घराच्या आधीच्या मालकानेही बादल्या लावल्या, आणि दोष कुणाचा, तर गेल्या दिवाळीपासून प्लॅस्टिकवर वाळणाऱ्या जवळ्याचा! मी एवढी तणतणले की सेक्रेटरी कप तसाच ठेवून निघाले. पण दुसऱ्याच दिवशी खाली फळ्यावर लागलं, की मासळीतल्या मिठाने स्लॅबच्या सळया गंजतात, सबब गच्चीवर मासळी वाळवण्यास सक्त मनाई. खाऱ्याने लोखंड गंजतं हे कुणालाही पटतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं. वाटी घेऊन येणाऱ्यांनाही पटलं. आई कठडा धरून वर जाताना दिसली की दारं आतून लागायची.

आई चार दिवस वर गेलीच नाही. मग एका सकाळी म्हणाली, "मना पोचव घरी. माझ्यापायी तुना कुणी बोल लावायला नको." मी म्हटलं, तिथली शिडी चढता येणार आहे का तुला? तर म्हणे, "चढंन. नाय तर खाली बसून राहीन." तिचं सामान म्हणजे एक पिशवी, ती भरून दाराशी ठेवली होती. मी ती उचलून परत कपाटात टाकली आणि सांगितलं, होळीपर्यंत थांब, तोवर मी यांना दाखवतेच. काय दाखवणार होते ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

सोसायटीने मधल्या काळात वॉटरप्रूफिंगवाले बोलावले. दुरुस्ती करायला नाही हं, नुसते बघायला. कारण आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, असं आम्ही घर घेतलं तेव्हापासून ऐकतेय, आणि पाडायच्या बिल्डिंगवर पैसा कोण घालणार? पहिला आला त्याने काठीने गच्ची ठोकली आणि सांगितलं, कोबा पोकळ झालाय, बद्द बद्द वाजतोय. दुसरा म्हणाला, उतारच उलटा आहे, पाणी नळाकडे जायच्या ऐवजी जिन्याकडे येतं. तिसऱ्याने कठड्यातल्या पिंपळाकडे बोट दाखवलं, की मुळं आतपर्यंत गेलीत. पिंपळ काढायचं म्हटल्यावर खजिनदारांच्या घरून निरोप आला, पिंपळावर मुंजा असतो, हात लावायचा नाही. वीतभर रोपटं ते! त्यावर मुंजा बसणार तरी कसा, उकिडवा? पण पिंपळ राहिला. एकूण काय, जितके आले तितकी कारणं निघाली, आणि सेक्रेटरी प्रत्येकाला शेवटी विचारायचे, "आणि मीठ?" तो बिचारा म्हणायचा, "हो, मीठपण असू शकतं."

तेव्हा माझं डोकं सटकलं. होळी होऊन गेली होती. नाक्यावरच्या दुकानात धुळवडीचे उरलेले रंग मातीमोल भावाने चालले होते, ते पक्के, आठवडाभर कानामागून न जाणारे. मी पिशवीभर उचलले. नवरा म्हणाला, आता कुणाला रंगवणार? मी म्हटलं, गच्चीला.

बेत सोपा होता. गच्चीवर जिथे जिथे संशय, तिथे एकेक रंग कालवून बादल्या ओतायच्या आणि आईच्या खोलीत कुठला रंग उतरतो ते बघायचं. दुपारी सगळे घोरत असताना आम्ही वर जायचो. नवरा जिन्यात पहारा द्यायचा आणि कुणाची चाहूल लागली की खोकायचा. बिचाऱ्याला भीतीने खरंच खोकला लागला.

पहिला रंग लाल. तो मी आईच्या कोपऱ्यात ओतला, टाकीजवळ, जिथे जवळा वाळायचा तिथे. न्याय तो न्याय. खाली आईच्या पलंगावर पांढरी चादर अंथरली आणि आम्ही मायलेकी जमिनीवर उताण्या पडून छताकडे बघत राहिलो. आईने माझा हात धरला होता. "लाल नाय ना गो?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा मला उमगलं, की सेक्रेटरींचं बोलणं तिने खरं मानलं होतं. तिला वाटत होतं, लेकीचं घर आपणच खराब केलं. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, मी अजून बादल्या ओतल्या. लाल काही उतरला नाही. एक टिपूससुद्धा नाही. आई उठून बसली, दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडून माझी दृष्ट काढली आणि दूधवाला आला तेव्हा त्याला म्हणाली, "लाल नाय पडला." त्याला काय कळणार? तो म्हणाला, "बरं झालं आजी."

मग काय, आम्हाला चेवच आला. अध्यक्षांच्या मुलीची हळद गच्चीवर झाली होती, तेव्हा मांडववाल्याने बांबू रोवायला कोबा फोडून भोकं पाडली आणि जाताना त्यांत कागद कोंबून वरून सिमेंट थापलं. तिथे पिवळा ओतला, हळदीला साजेसा. जुन्या डिशच्या बोल्टांपाशी निळा. आता सगळे मोबाईलवर बघतात, पण गंजलेल्या डिश तशाच उभ्या, प्रत्येकीचे बोल्ट स्लॅबमध्ये, आणि त्यातली एक सेक्रेटरींची. पाणी जायच्या तोंडाशी हिरवा. तळमजल्याचे काका रोज पुण्य म्हणून कबुतरांना ज्वारी घालतात, ती ज्वारी आणि पिसं त्या जाळीत बसून असा बोळा झालेला, की त्यात चक्क कोंब फुटलेले. शेत करायचं राहिलं होतं! आणि पिंपळाच्या बुडाशी जांभळा. मुंज्याला नमस्कार करून ओतला, उगाच कशाला वाकडं घ्या.

त्या दिवसांसारखी मजा मला पुन्हा आली नाही. आई आणि मी छताखाली पडून पैजा लावायचो. "निळा येतो बघ." "छट्, हिरवा." हरेल तिने चहा करायचा. ती घरी जायचं बोलायचं विसरली. पिवळा सगळ्यांत आधी पडला, दणक्यात, हळदीच्या घाईने. मागून हिरवा. निळ्याने फार वाट बघायला लावली, आम्ही नाद सोडला होता, आणि आई भाकरी थापत असताना तो पडला. ती पिठाच्या हातांनी धावत आली. जांभळा थेंब होऊन पडलाच नाही, भिंतीवरून ओघळला, पण ओघळला. पांढऱ्या चादरीचं असं काही झालं होतं की धुळवडीलाही कुणाचं होत नाही. फक्त लाल नव्हता त्यात.

वार्षिक सभा खाली कंपाउंडमध्ये असते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. मी चादर घडी करून घेऊन गेले. सेक्रेटरींनी मासळीचा विषय काढला मात्र, मी उठले आणि त्यांच्या टेबलावर ती चादर फडकन पसरली. "हा पिवळा तुमच्या मांडवाचा," मी अध्यक्षांना म्हटलं. "हा हिरवा काकांच्या पुण्याचा. हा निळा सगळ्यांच्या डिशचा, भाऊ, तुमचीही त्यात आहे. जांभळ्यासाठी भिंत बघायला या, मुंजा स्वतः उतरलाय. आणि लाल होता माझ्या आईचा. शोधा आता. चष्मा लावून शोधा, हवं तर चाटून बघा!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! काका चिडले, अध्यक्ष खाली बघायला लागले, मागून कुणीतरी शिट्टी मारली. आई पहिल्या रांगेत बसली होती, पदर नीट करून. सेक्रेटरींची बायको उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. सगळेच गुन्हेगार निघाल्यावर दुरुस्तीला नाही कोण म्हणणार? सेक्रेटरींनी घाम पुसला आणि ठराव लिहून वाचायला घेतला. आमच्याकडे ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, त्याशिवाय तो ठरावच नाही. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेण्यात यावं व..." एवढं ऐकलं आणि सगळे ओरडले, "सूचक वहिनी! वहिनींचंच नाव घ्या!" लोक टाळ्या वाजवत होते. मी हात वर केला. इतकी वर्षं सभेत बसून मी कधी सूचक झाले नव्हते, मागे बसून भजी खाणारी मी. सेक्रेटरी "व" च्या पुढे अजून काहीतरी वाचत होते, पण ते कुणाला ऐकायचं होतं? "मंजूर! मंजूर!" आणि भजी आली.

मे महिन्यात काम झालं. खरंच चांगलं झालं, खोटं नाही बोलणार. जुना कोबा फोडला, उतार नीट केला, पिंपळ मुळासकट गेला. मुंज्याने काही केलं नाही. वरून पांढराशुभ्र थर दिला, ऊन पडलं की डोळे दिपावेत असा. रंगारी आईच्या खोलीचं छत करून गेला त्या दिवशी मी जाऊन आईसाठी ताजा जवळा आणला, पाटीभर, आणि प्लॅस्टिकचा नवा कागद. वर गेले तर गच्चीच्या दाराला हे एवढं कुलूप.

तशीच खाली सेक्रेटरींकडे. ते म्हणाले, "अहो वहिनी, गॅरंटी आहे ना त्याची. दहा वर्षं वर कुणी चालायचं नाही, काही वाळवायचं नाही, ठोकायचं नाही, तरच गॅरंटी. ठरावातच आहे तसं. घेण्यात यावं व गच्ची सर्व सभासदांसाठी बंद ठेवण्यात यावी." आणि वर अगदी साळसूदपणे म्हणाले, "तुम्हीच तर सूचक."

मी खूप भांडले. खूपच. पण कुणाशी भांडणार, मलाच सगळ्यांनी वही आणून दाखवली, ठरावाखाली माझं नाव, माझी सही. कुणाचाही राग नव्हता आमच्यावर. उलट जिन्यात जो तो आईला हात जोडत होता, आजी, तुमच्यामुळे काम झालं. मासळीबंदीही उठवली त्यांनी, आता बंदी सगळ्याचीच होती ना.

पाटी घेऊन घरी आले. आई आपल्या खोलीत पलंगावर बसली होती, नव्या छताखाली, पाय खाली सोडून. तिने जवळा बघितला आणि काठी घ्यायला उठली. मी तिला सगळं सांगितलं, त्या "व" सकट. मला वाटलं शिव्या देईल, सेक्रेटरीला, मला. ती परत बसली.

"तू माझ्यासाठी किती भांडलीस गो," ती म्हणाली. "पर मना कुठं जिंकायचं होतं? बाजारात जन्म गेला, लोक बोलतातच. मना वर जायचं होतं."

जवळा त्या दिवशी आम्ही तसाच ओला, कांद्यावर परतून खाल्ला. पाऊस सुरू व्हायच्या आत मी तिला कोळीवाड्यात सोडून आले. शिडी तिला चढता येत नाही, ती खाली चुलतभावाच्या ओट्यावर असते, काठी घेऊन. आमच्याकडे आता गच्ची बंद असल्यामुळे कपडे वाळत घालायची फार पंचाईत होते. मी आईच्या खोलीत दोऱ्या बांधल्या आहेत. भर पावसाळ्यातही तिथे कपडे छान वाळतात, वरून एक थेंब पडत नाही.